हौस आणि पगार

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

कोलोरॅडोतल्या सहलीच्या डोंगररेल्वेवर उन्हाळाभर फायरमनचं काम मिळालं, ऐकून आनंद झाला. वाफेच्या इंजिनाचं तुझं वेड मला ठाऊक आहे, म्हणूनच तू पगाराचं नीट विचारलं नसशील अशी भीती वाटते. अशा नोकऱ्यांत माणसाची हौस पगारातच धरली जाते, आणि ते मला मुळीच पटत नाही. दिवसभर भट्टीत कोळसा टाकून पाठ दुखायची ती दुखतेच.

अमेरिकेच्या १९३८च्या मजुरी कायद्यात, वर्षात सात महिन्यांहून जास्त न चालणाऱ्या करमणुकीच्या व्यवसायांना केंद्राची किमान मजुरी आणि ओव्हरटाइम, दोन्हींतून सूट मिळू शकते. (ती किमान मजुरी तरी केवढी, २००९पासून ताशी ७.२५ डॉलरवर अडकलेली!) राज्याचा कायदा याहून बरा असू शकतो, तो बघ. पहाटे इंजिन पेटवायचे आणि संध्याकाळी राख काढायचे तास धरतात का, विचार. खोली कंपनीची असेल तर भाडं किती कापणार आणि काम सुटल्यावर ती कधी सोडायची, हे लेखी घे. मालकच घरमालक असला की माणूस तक्रार करायला कचरतो.

युनियन आहे का, हेही विचार. नसेल तर आधी कुठला कायदा लागू होतो ते बघावं लागेल. १९२६चा रेल्वे लेबर अ‍ॅक्ट असेल तर युनियन हवी की नको याचं मतदान मागायला निम्म्या कामगारांच्या सह्या लागतात. १९३५चा श्रमसंबंध कायदा असेल तर तीस टक्के पुरतात. हंगाम जेमतेम काही महिन्यांचा, सह्या जमेपर्यंत अर्धी मुलं कॉलेजात परतलेली. हंगामी माणसांची संघटना होणं अवघड जातं ते यामुळेच. तरी १९३५च्या कायद्याखाली मतदान साधारणपणे हंगामाच्या ऐन भरात घेतात, आणि पुढच्या वर्षी परत येण्याची वाजवी शक्यता असलेल्या हंगामी कामगारालाही मत असतं. म्हणून दरवर्षी परतणाऱ्या जुन्या ड्रायव्हर-कंडक्टरांशी आधी ओळख कर. कुणाला किती मिळतं हे आपसात बोलण्याचा हक्कही तोच कायदा देतो. ‘पगार कुणाला सांगू नका’ असं कुणी बजावलं तर गप्प बसू नकोस.

सही करण्याआधी ऑफर लेटर मला पाठव. त्यांना काय काय विचारायचं ते फोनवर बसून लिहून काढू.

तुझे,
बाबा