आईला सांगणाऱ्या सिस्टरांस

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे येण्यापूर्वी आम्ही ज्या रुग्णालयात जात होतो, तेथे आईच्या स्तनाच्या कर्करोगाविषयी जे काही सांगितले गेले ते मला, दाराबाहेर बोलावून आणि घाईघाईत. आईच्या हाती पडली ती इंग्रजीतली फाइल. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या बाईने ती कशी वाचावी, हा प्रश्न तेथे कोणालाही पडला नाही. पहिल्या किमोनंतर लघवी लाल झालेली पाहून, रक्तच जात आहे असे समजून, तिने कोणालाही न सांगता सगळी रात्र जागून काढली. डॉक्सोरुबिसिन हे औषधच लाल असते आणि त्याचा रंग एक-दोन दिवस लघवीत उतरतो, एवढे एक वाक्य तिला आधी कोणी सांगायला हवे होते. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दुसऱ्या किमोच्या दिवशी तुम्ही मात्र स्टूल ओढून आईसमोर बसलात. रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत सर्वांत कमी होतात, तेव्हा ताप १००.४ वर गेला तर सकाळची वाट पाहायची नाही आणि विचारल्याशिवाय तापाची गोळी घ्यायची नाही, हे तुम्ही तिला सावकाश सांगितलेत. मग म्हणालात, "मावशी, आता तुम्ही मला सांगा, म्हणजे माझं काही सांगायचं राहिलं असेल तर मला कळेल." चूक झालीच तर ती तुमची ठरावी, अशी ती मांडणी होती. आई दोनदा अडखळली. वॉर्डातून तुम्हाला हाका येत होत्या, तरीही तिसऱ्यांदा तिचे पूर्ण ऐकूनच तुम्ही उठलात. माणसाला त्याच्याच शरीराविषयी सांगताना त्याच्याकडे पाहून बोलावे, एवढी साधी सभ्यता आजारपणात किती दुर्मीळ होते हे मी अनुभवले होते. म्हणून त्या दिवशी मला रडू आवरले नाही.

नवव्या दिवशी रात्री दोन वाजता आईनेच मला उठवले. तिच्या हातात थर्मामीटर होता. "एकशे एक आहे. सिस्टरांनी सांगितलंय, थांबायचं नाही." त्याच रात्री तिला सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू झाले.

तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत हे मला सुचत नाही. पुढच्या बुधवारी आईची तपासणी आहे. तुम्हाला काय काय विचारायचे, ते तिने या वेळी स्वतःच वहीत लिहून ठेवले आहे.

आपली कृतज्ञ,
एका रुग्णाची मुलगी