गाडी उंच करण्याआधी

खानापूर,
श्रावण शुद्ध पक्ष

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

निपाणीहून आलेले तुझे पत्र मिळाले. तुझ्या गाडीला ‘लिफ्ट’ करून, म्हणजे तिची उंची वाढवून, मोठे टायर घालावेत का, असे तू विचारले आहेस. उत्तराला उशीर झाला, कारण पावसाळ्यात गाडी चालवून पाहिल्याखेरीज मला काही लिहायचे नव्हते.

तुला ठाऊक आहेच की, जांबोटी सोडून कणकुंबीच्या बाजूला गेले की डांबरी रस्ता ठीक असतो. खरी परीक्षा आमच्या गावाकडे वळणाऱ्या तांबड्या मातीच्या वाटेवर होते. गेल्या गणपतीला त्याच वाटेवर, चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्याला आमची स्कॉर्पिओ खालून दोनदा घासली आणि त्या रागात मी उन्हाळ्यात गाडी बेळगावच्या एका गॅरेजात नेली. मेस्त्री कानडी बोलणारे, मी मराठी. मात्र मापे आम्ही दोघेही इंचातच बोलत होतो. त्यांनी पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगांना 30 मिलिमीटरचे सारखेच स्पेसर, म्हणजे स्प्रिंगच्या टोकाशी बसणाऱ्या जाड चकत्या, घातले आणि कंपनीच्या 235/65 आर 17 टायरांच्या जागी 245/70 आर 17 हे थोडे रुंद आणि उंच टायर चढवले.

इथेच पहिली चूक झाली. मागची स्प्रिंग थेट ॲक्सलवर, म्हणजे दोन्ही चाके जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर, बसते, म्हणून मागे जेवढा स्पेसर जवळपास तेवढीच उचल मिळाली. पुढची स्प्रिंग मात्र चाकाला धरून ठेवणाऱ्या खालच्या आर्मवर, चाकापासून बरीच आत बसते; त्यामुळे तिथे तेवढ्याच स्पेसरने जवळजवळ 50 मिलिमीटर उचल आली आणि गाडीचे नाक वर झाले. चोर्ला घाटात समोरून येणारा प्रत्येक ट्रकवाला दिवे मिचकावून मला शिव्या देत असणार, हे हेडलाइटचा झोत भिंतीवर पाडून पाहीपर्यंत माझ्या लक्षात आले नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मागचा ॲक्सल अखंड असल्यामुळे स्पेसरने वर जाते ती बॉडी. रस्त्याला सर्वांत आधी लागणारा डिफरन्शियलचा (चाकांना गती वाटून देणाऱ्या गिअरांचा) गोळा आहे तिथेच राहतो. त्याला वर नेतो तो फक्त टायर. जुन्या टायरचा व्यास सुमारे 737 मिलिमीटर आणि नव्याचा 775, म्हणजे गोळा वर गेला अवघा 19 मिलिमीटर. एवढ्यासाठी मी किती खर्च केला, ते मात्र वहिनींना सांगू नकोस, कारण त्या तुला गॅरेजात जाऊच देणार नाहीत!

मोठ्या टायरमुळे स्पीडोमीटर पाच टक्के कमी दाखवू लागला. काटा 60 वर असताना गाडी 63 ने धावत होती. ओडोमीटरही तसाच कमी मोजत असल्यामुळे मायलेज फार घसरले असे वाटून मी काही दिवस उगाच डिझेलपंपावर संशय घेतला. स्टिअरिंग पूर्ण वळवले की टायर आतल्या प्लास्टिकला घासत असे. स्पेसरने स्प्रिंग मऊ किंवा कडक होत नाही, पण चाकाला खाली उतरायला पूर्वीइतकी जागा उरत नाही. त्यामुळे खड्ड्यात चाक उतरताच शॉकॲब्सॉर्बर टोकाला जाऊन ‘ठक्’ असा आवाज करी. कॅम्बर आणि टो, म्हणजे चाकांचा उभा आणि आडवा कल, बिघडल्याने पुढचे टायर एका कडेने झिजू लागले, ते वेगळेच.

आईची गोष्ट तर विचारूच नकोस. मधल्या दाराची पायरी जवळपास अडीच इंच वर गेली आणि तिच्या गुडघ्यांनी साफ नकार दिला. मग डिकीत एक लाकडी पाट ठेवावा लागला. ती उतरायच्या आधी तो खाली मांडायचा आणि ती चढल्यावर चिखलासकट आत घ्यायचा.

कायद्याचेही सांगतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे, नोंदणीतील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळे ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. अपघात झाला तर विमा कंपनी आधी याच गोष्टीकडे बोट दाखवील, या विचाराने मला घाटात धड गाणेही ऐकवेना.

शेवटी मी गेल्या पंधरवड्यात स्पेसर काढले, अलाइनमेंट करून घेतली आणि कंपनीच्याच मापाचे, पण खोल नक्षीचे ऑल-टेरेन टायर बसवले. परवा भर पावसात गावी गेलो, तेव्हा डावी चाके मधल्या उंचवट्यावर आणि उजवी वाटेच्या कडेला ठेवून गाडी न घासता आणि न घसरता पोहोचली. माझी अडचण उंचीपेक्षा पकडीची आणि काहीशी माझ्याच चालवण्याची होती, असे आता वाटते. तुझी गाडी तर बहुतेक निपाणी–कोल्हापूर हमरस्त्यावरच धावते. तुला एवढा उपद्व्याप कशाला हवा, ते मला कळलेले नाही.

तरीही हौस असेलच, तर एकदा पावसात इकडे ये आणि माझ्या गाडीतून ती वाट पाहून मग ठरव. पाट अजून डिकीतच आहे. लागणार असेल तर घेऊन जा, असे आईने खास सांगितले आहे.

तुझाच,
खानापूरकर