साउथ एशियन पॅक परत घ्या, बातम्या परत द्या

दिनांक : १२ मार्च २०२५
एडिसन, न्यू जर्सी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : केबलवरच्या तीन परदेशी वृत्तवाहिन्या न कळवता बंद केल्याबद्दल आणि न मागितलेल्या 'साउथ एशियन पॅक'चे पैसे परत मिळण्याबद्दल.

महोदय,

जानेवारीच्या बिलासोबत तुमचं एक रंगीत पत्रक आलं. त्यावर साडी नेसलेली एक हसरी बाई आहे आणि तिच्या पायाशी लिहिलंय, की आम्ही तुमच्या भाषेत बोलतो, आम्हाला तुमच्या भाषेत लिहा. माझी भाषा मराठी, म्हणून पत्र मराठीत. इंग्रजी प्रत सोबत जोडली आहे, कारण तुमच्या पत्रकांवर किती विसंबावं हे गेल्या महिन्याभरात मला चांगलंच समजलंय.

३ फेब्रुवारीच्या संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे जर्मनीचं डीडब्ल्यू लावलं. पडद्यावर एकच ओळ : ही वाहिनी तुमच्या प्लॅनमध्ये नाही. फ्रान्स २४ लावलं, तेच. अल जझीरा इंग्लिश लावलं, तेच. आदल्या रात्री तिन्ही व्यवस्थित दिसत होत्या. पत्र नाही, ईमेल नाही, बिलावर एक ओळसुद्धा नाही. आणि तीन वाहिन्या गेल्या तरी बिल एका सेंटनेही उतरलं नाही.

मी तीनदा फोन केला. पहिला मुलगा म्हणाला, त्या वाहिन्या वरच्या प्लॅनमध्ये गेल्या. वरचा प्लॅन केवढ्याला, असं विचारलं तर बराच वेळ की-बोर्ड बडवून म्हणाला, तिथेही नाहीत. दुसरा म्हणाला, करार संपला. तिसरी मुलगी म्हणाली, त्या वाहिन्या कोणी बघतच नाही. मी म्हटलं, मी बघते. त्यावर ती, "हो, पण तुमच्याशिवाय कोणी नाही."

मग तिने माझं आडनाव दोनदा चुकीचं आणि तिसऱ्यांदा जवळपास बरोबर उच्चारलं, आणि तिचा आवाज एकदम उजळला. तुमच्यासाठी साउथ एशियन पॅक आहे ना! हिंदी मालिका, सिनेमे, क्रिकेट. मी म्हटलं, "बघू." मराठी घरात 'बघू' म्हणजे 'नाही'. लग्नाच्या स्थळापासून नव्या सोफ्यापर्यंत सगळ्याला आम्ही असंच नाही म्हणतो. आमच्या भाषेत बोलणाऱ्या कंपनीला एवढं ठाऊक असायला हवं होतं. पण फेब्रुवारीच्या बिलात १९.९९ डॉलर वाढले आणि मार्चच्याही. आता माझ्याकडे सासू-सुनांच्या मालिका चोवीस तास आहेत आणि बर्लिनच्या बातम्या नाहीत.

माझी खरी तक्रार त्या वीस डॉलरपेक्षा मोठी आहे. परदेशाच्या बातम्या ही परदेशातून आलेल्या माणसाचीच गरज, असं तुम्ही धरून चालला आहात. मी मागते आहे त्या तिन्ही वाहिन्या इंग्रजीत आहेत. मी या देशाची नागरिक आहे, मतदान करते, आणि मी मत देते ती माणसं जगात कुठे सैन्य पाठवायचं ते ठरवतात. शेजारचे आजोबा, पोस्टातून निवृत्त झालेले, आयरिश वंशाचे, रोज सातला माझ्याकडे बातम्या बघायला येतात. त्यांचा नातू जर्मनीत रामस्टाइनच्या हवाई तळावर आहे, म्हणून त्यांना डीडब्ल्यू लागतं. त्यांना कुठला पॅक देणार आहात?

या बाबतीत मी जरा हट्टी आहे. १९९३ साली आम्ही डोंबिवलीत राहत होतो. आमचा केबलवाला गच्चीवरून वायर ओढायचा, पावसात ती तुटायची, आणि वसुलीला आला की चहा घेतल्याशिवाय जायचा नाही. पण त्याच्या शंभर रुपयांत बीबीसीही होतं आणि अमेरिकेचं सीएनएनही. त्याने कधी विचारलं नाही, की काकू, तुम्ही इंग्रज आहात का?

इथे आल्यावर मला वाटलं, टीव्हीच्या या माहेरघरी तर सगळं जगच दिसेल. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. माझा भाऊ तेव्हा कलिन्यात राहायचा आणि त्याचा फोन लागत नव्हता. तुमच्या शंभरेक वाहिन्यांवर मी रिमोट फिरवत बसले. बातम्यांच्या वाहिन्या एका बेटावर हरवलेल्या मुलीविषयी बोलत होत्या. आठवडेच्या आठवडे तेच चाललं होतं. मुंबई मला शेवटी दिसली ती डब्ल्यूएलआयडब्ल्यू या सार्वजनिक वाहिनीवर, बीबीसीच्या अर्ध्या तासाच्या बातमीपत्रात. भाऊ दुसऱ्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यातून घरी पोचला. तेव्हापासून परदेशी बातमीपत्र ही मी घरातली गरजेची वस्तू मानते, गॅससारखी.

कोणी बघत नाही, या उत्तराविषयी. मी या राज्यात एकोणीस वर्षं सार्वजनिक वाचनालयात काम केलं. ज्या कपाटाला कुलूप असतं, त्यातली पुस्तकं कोणी नेत नाही. मग वर्षअखेरीस कोणीतरी म्हणतं, बघा, या पुस्तकांना मागणीच नाही. अल जझीरा इंग्लिश नोव्हेंबर २००६ मध्ये सुरू झालं, तेव्हा इथल्या बहुतेक केबल कंपन्यांनी ते घेतलंच नाही. ओहायोतलं टोलीडो, व्हरमाँटमधलं बर्लिंग्टन आणि वॉशिंग्टनचा परिसर अशा मोजक्या ठिकाणी ते दिसायचं. २०११ च्या जानेवारीत कैरोचा तहरीर चौक पेटला, तेव्हा याच देशातले लोक, ज्यांच्यात मागणी नव्हती म्हणे, कॉम्प्युटरवर ती वाहिनी शोधत होते. त्या मार्चमध्ये परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितलं, की तिचे प्रेक्षक इथे वाढताहेत, कारण तिथे खऱ्या बातम्या असतात.

त्यातल्या बर्लिंग्टनचं मला फार कौतुक आहे. लोकवस्ती पंचेचाळीस हजारांच्या आत, म्हणजे आपल्या बार्शीच्या निम्मीही नाही. तिथली केबल नगरपालिकेची होती. २००८ मध्ये तक्रारी आल्या म्हणून ही वाहिनी काढायचं ठरत होतं. त्यांनी आधी लोकांना बोलावलं, जाहीर सभा घेतल्या, दोन्ही बाजू ऐकल्या आणि वाहिनी ठेवली. तुम्ही मला साधं पोस्टकार्ड पाठवलं नाही.

प्रेक्षकांपर्यंत पोचायला वाहिन्यांना तुमच्या यादीत जागा लागते आणि ती जागा सोन्याच्या भावाची आहे. कॅनडाच्या सीबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेने १९९४ मध्ये अमेरिकेसाठी न्यूजवर्ल्ड इंटरनॅशनल काढलं होतं. त्यावर कॅनडाच्या बातम्या लागायच्या, इतर देशांची बातमीपत्रंही लागायची. २००४ मध्ये माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर आणि त्यांच्या भागीदारांनी ती वाहिनी विकत घेतली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये त्या जागी करंट टीव्ही आणलं. २०१३ च्या जानेवारीत अल जझीराने करंट विकत घेतलं. प्रत्येकाने घर घेतलं ते भिंतींसाठी नव्हे, सातबाऱ्यासाठी. त्या सातबाऱ्यावर ऑगस्ट २०१३ मध्ये अल जझीरा अमेरिका उभं राहिलं आणि १२ एप्रिल २०१६ ला बंद पडलं. बावीस वर्षांत मालकामागून मालक बदलले, आणि जिथून सुरुवात झाली ती जगाच्या बातम्यांची वाहिनी कुठेच उरली नाही.

तुमच्या पहिल्या मुलाने शेवटी सल्ला दिला, ऑनलाइन बघा. बघतेच आहे. पण अल जझीरा अमेरिका सुरू होताना केबल कंपन्यांशी झालेल्या करारांमुळे इंग्लिश वाहिनीचं ऑनलाइन प्रक्षेपण अमेरिकेतल्या प्रेक्षकांसाठी बंद केलं गेलं होतं, ते २०१६ पर्यंत. म्हणजे ऑनलाइनची खिडकीसुद्धा तुम्हा लोकांच्या मर्जीने बंद होते. शिवाय माझं इंटरनेटही तुमचंच आहे. त्याच बातम्यांसाठी तुम्हाला मी दोन वेळा पैसे का द्यावेत? माझ्या बिलात रिजनल स्पोर्ट्स फी नावाची एक ओळ आहे. आमच्या घरात कोणी बेसबॉल बघत नाही, तरी ती मी निमूट भरते.

आणि हो, कोणाच्या पैशावर कोण चालतं हे मला ठाऊक आहे. अल जझीराच्या मागे कतार आहे आणि कतारविषयी बोलताना तिचा आवाज बारीक होतो. डीडब्ल्यूला जर्मन सरकारचा पैसा आहे, फ्रान्स २४ ला फ्रेंच सरकारचा. म्हणून तर मी तीन बघते. एकच बघायची असती तर घरची पुरली असती.

आता माझ्या मागण्या. साउथ एशियन पॅक ताबडतोब बंद करून दोन महिन्यांचे ३९.९८ डॉलर परत करावेत. तिन्ही वाहिन्या पुन्हा सुरू कराव्यात, नाहीतर त्या गेल्यापासून बिल तेवढं कमी करावं. आणि त्या का बंद केल्या, ते लेखी कळवावं, एकच कारण, तीन नव्हे.

कोणती वाहिनी दाखवायची हे एफसीसी, म्हणजे केंद्राचा दूरसंचार आयोग, तुम्हाला सांगत नाही, हे मला माहीत आहे. १९९२ च्या केबल कायद्याचं बंधन स्थानिक वाहिन्यांपुरतं आहे, बर्लिन-पॅरिसला त्यात थारा नाही. पण वाहिनी काढणं तुमच्या हातात असेल, तर ग्राहकाला तीस दिवस आधी लेखी कळवायचं, असा एफसीसीचा नियम आहे. तिसऱ्या मुलीचं खरं असेल आणि कोणी बघत नाही म्हणून वाहिन्या काढल्या असतील, तर तो तुमचाच निर्णय होता आणि ती सूचना तुम्ही चुकवली. दुसऱ्याचं खरं असेल आणि करारच तुटला असेल, तर मला तीन फोन करून तीन गोष्टी का ऐकाव्या लागल्या?

३१ मार्चपर्यंत उत्तर आलं नाही, तर ही तक्रार मी एफसीसीकडे आणि न्यू जर्सीत केबलवर देखरेख ठेवणाऱ्या बोर्ड ऑफ पब्लिक युटिलिटीजकडे नोंदवणार आहे. दोन्ही मसुदे तयार आहेत. खाते क्रमांक आणि तिन्ही फोनच्या तारखा-वेळा वेगळ्या कागदावर जोडल्या आहेत.

उत्तर लेखीच द्यावं. तरी फोन करायचाच असेल, तर संध्याकाळी सात ते आठ सोडून करावा. त्या वेळी शेजारचे आजोबा आणि मी माझ्या लॅपटॉपच्या तेरा इंची पडद्यासमोर बसलेले असतो, आणि त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे आवाज फार मोठा असतो.

कळावे,
आपली २००१ पासूनची ग्राहक