बिशप फॅम तिथे नुसते बसले होते

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातला अमेरिकेतल्या पाद्र्यांवरचा लेख वाचून अतिशय संताप आला. धर्मगुरूंनी न्यायालयाच्या कामात लुडबूड करू नये, असं आपल्या लेखकाने ठणकावलं आहे. कसली लुडबूड? २० जून २०२५ रोजी कॅथलिक बिशप मायकल फॅम इतर धर्मगुरूंना घेऊन सॅन डिएगोच्या फेडरल इमारतीत, तिथल्या इमिग्रेशन कोर्टात गेले आणि स्थलांतरितांच्या सुनावण्यांना बसले. ना घोषणा दिल्या, ना कुणाची वाट अडवली.

‘कायदा पाळणाऱ्याला भीती कशाची?’ असाही प्रश्न लेखात आहे. त्याचं उत्तर मी पाहिलं आहे. माझ्या मुलीला सांभाळणाऱ्या बाईंबरोबर (मुलगी त्यांना मावशी म्हणते) मी त्यांच्या सुनावणीसाठी त्याच इमारतीत गेले होते. मावशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आल्या होत्या. नोटीस, मुलांचे जन्मदाखले, पगाराच्या पावत्या, सगळं एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये. वकील नव्हता, कारण या कोर्टात सरकार वकील देत नाही. परवडला तर आपला आपण आणायचा. कॉरिडॉरमध्ये मास्क लावलेले इमिग्रेशनचे अधिकारी भिंतीला टेकून उभे होते. आत सरकारी वकीलच केस काढून टाका म्हणतो. ऐकणाऱ्याला वाटतं, सुटलो. पण केस निघाली की माणसाला झटपट हद्दपार करायला वाट मोकळी होते, म्हणून दाराबाहेर बेड्या तयार. आमच्या आधी आत गेलेल्या एका तरुण मुलाचं हेच झालं. ते पाहून मावशींनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. कोर्टाने बोलावलं त्या तारखेला, सांगितलेल्या वेळी हजर झालेला मुलगा होता तो! कायदा आणखी कसा पाळायचा?

मावशींना पुढची तारीख मिळाली. बाहेर पडताना चर्चतर्फे आलेले एक वयस्क गृहस्थ त्यांच्या शेजारून लिफ्टपर्यंत चालत आले. अधिकारी एका बाजूला, मावशी दुसऱ्या बाजूला आणि मध्ये ते. एक शब्द बोलले नाहीत. अशी सोबत करणाऱ्यांची फळी फॅम यांच्या डायोसिसने (बिशपच्या अखत्यारीतल्या धर्मप्रांताने) ऑगस्ट २०२५ पासून रीतसर उभी केली आहे.

फॅम स्वतः लहानपणी व्हिएतनाममधून होडीने निसटलेले, मलेशियातल्या निर्वासित छावणीत राहिलेले. पुढे सॅन डिएगोतच विमानांचं इंजिनिअरिंग शिकले आणि ती वाट सोडून १९९९ मध्ये पाद्री झाले. मे २०२५ मध्ये पोप लिओ यांनी त्यांना तिथले बिशप नेमलं. नेमणुकीनंतर महिन्याभरातच ते कोर्टाच्या बाकावर जाऊन बसले. मी कॅथलिक नाही, तरी मला या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो. आपल्या लेखात त्यांच्या होडीचा साधा उल्लेखही नाही.

इथल्या मराठी मंडळींतही ‘आम्ही रांगेतून आलो’ हे वाक्य वारंवार कानावर येतं. आपल्याला रांग मिळाली, कारण हातात डिग्री होती आणि कंपनी कागद भरत होती. होडीत बसणाऱ्याला कुठली रांग दाखवणार?

आणखी एक. आपल्या अमेरिकेच्या पानावर व्हिसाची फी सोडून दुसरं काही येत नाही. या सुनावण्या सहसा सर्वांना खुल्या असतात. पुढचा लेख छापण्याआधी लेखकाला एक सकाळ त्या कॉरिडॉरमध्ये उभं राहायला सांगा. आणि कृपया हे पत्र न कापता छापा.

आपली,
एक वाचक, सॅन डिएगो