तू मोंबासाला निघण्याआधी

गुरुवार पेठ, पुणे
जुलै

प्रिय पिंट्या,

सलाम. तुझी केनियातल्या मोंबासाची मिशनची नेमणूक पक्की झाली, अभिनंदन. फोनवर तू विचारलंस, ‘तिकडे गेल्यागेल्या माझं काय होईल रे?’ तेव्हा मी थट्टा करून वेळ मारून नेली. पण त्याचं उत्तर सध्या आमच्याच माडीवर राहतंय, तेव्हा म्हटलं सावकाश लिहावं.

केनियाचा पोरगा आमच्याकडे आहे हे तुझ्या आईकडून कळलंच असेल. किसुमूचा, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचा. वय चोवीस. पुढे मिशनरी व्हायचंय, त्याआधी ईश्वरविज्ञान शिकायला त्याच्या मंडळीने, म्हणजे तिकडच्या चर्चने, वर्गणी काढून इकडे धाडलाय. व्हिसा विद्यार्थ्याचा, त्यामुळे उपदेश-बिपदेश काही नाही, नुसतं शिकायचं. आता गंमत बघ. मंडळीने पैसे घातलेत म्हणून महिन्याच्या महिन्याला ‘काय सेवा केली’ ते लिहून पाठवायचं. हा रात्री टेबलाशी बसतो, कागद कोराच. मला विचारतो, आज मी काय केलं? मी म्हणतो, स्वारगेटवरून बरोबर बस पकडून घरी आलास, तेच लिही. त्याला वाटतं मी चेष्टा करतोय. मी अजिबात करत नसतो.

तो आमच्याकडे कसा आला तेही सांगतो, कारण ते पुण्याला शोभण्यासारखं नाही. हॉस्टेलला जागा नव्हती, म्हणून खोली शोधायला मी बरोबर हिंडलो. फोनवर मी बोललो की ‘या की, बघून घ्या’. दारात हा दिसला की ‘अहो, कालच गेली’. एका काकूंनी तर दाराची साखळीही काढली नाही. जिना उतरताना तो गप्प आणि माझीच बडबड चालू. आपल्याला हे नवीन नाही म्हणा. आडनावावरून कळत नाही तोवर आपलंही सगळं छान चाललेलं असतं. पण आपल्या कातडीवर काही लिहिलेलं नसतं, त्याच्या असतं. शेवटी आईच म्हणाली, माडी काय उंदरांसाठी ठेवलीये का? झालं, सामान वर गेलं. परदेशी माणूस घरी उतरला की चोवीस तासांत तशी नोंद ऑनलाइन करावी लागते, हे तेव्हा कळलं. पाहुणा आला म्हणून पोलिसांना कळवायचं, ही कल्पनाच आईला अजून पचलेली नाही.

जेवणाचा घोळ तर ऐकच. आई रोज पोळ्या करायची आणि हा पानावर बसताना कसनुसा व्हायचा. एक खायचा, दुसरीला हात आडवा. आईला वाटलं, आवडत नाही. खरं म्हणजे तिकडे चपाती सणासुदीची, नाताळात वगैरे करतात, रोजची मक्याच्या पिठाची उगाली. बाई रोज आपल्यासाठी नाताळ करतेय आणि आपण फुकट खातोय, या विचाराने हा आतल्या आत झुरत होता! हे उलगडल्यावर गिरणीतून पांढऱ्या मक्याचं पीठ आणलं आणि आईने त्याच्या हाती पातेलं दिलं. उकळत्या पाण्यात पीठ घालून असा घोटतो म्हणतोस, दंडाची शीर न् शीर दिसते. घट्ट गोळा होऊन पातेलं सोडायला लागला की उतरवायचा. हाताने तोडायचा, अंगठ्याने खळगा करायचा आणि त्यात कालवण उचलायचं. कालवण कशाचं, तर सुकटीचं. गणेश पेठेतल्या मासळी बाजारात सुक्या मासळीचा वास आला आणि हा जागच्या जागी थांबला. त्यांच्या सरोवरात बारीक मासळी मिळते, ओमेना, ती अशीच उन्हात वाळवतात. त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवला. चहाची तर अडचणच नव्हती, दूध घालून उकळलेला चहा त्यांच्याकडेही पितात. तक्रार एवढीच, की आपला कप म्हणजे औषधाचं माप. १८९० साली आपल्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे, गोखले चहा प्याले आणि त्यावरून प्रायश्चित्तापर्यंत गेलं, हे मी त्याला सांगितलं. तो खो खो हसला आणि म्हणाला, एवढ्याशा कपासाठी?

मग पालख्या आल्या. ज्ञानोबांची भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत, म्हणजे आपल्या दाराशीच. आपल्या गल्लीतली पोरं नेहमीप्रमाणे वारकऱ्यांचे पाय चेपायला बसली होती. हा तेलाची बाटली घेऊन त्यांच्यात. अखेर काम मिळालं ना! एका आजींचे पाय मांडीवर घेतले. टाचांच्या भेगांत चिखल वाळून बसलेला. तेल वरच्यावर राहत होतं, म्हणून आधी ओल्या फडक्याने एकेक भेग पुसत बसला.

आजी म्हणाल्या, “कुठला रं बाबा तू?”

मी सांगितलं, आफ्रिकेचा.

“लई लांबनं आला. पायी?”

“नाही आजी, विमानानं.”

“मंग बरंय.” म्हणून त्यांनी गाठोडं सोडलं, भाकरीवर ठेचा ठेवून त्याच्या हातात दिला आणि तो खाईपर्यंत पाय काही पुन्हा पुढे केला नाही. ठेच्याने याच्या नाकाडोळ्यांतून धारा. निघाला होता सेवा करायला आणि आला जेवून. त्या महिन्याचं पत्र मात्र त्याच रात्री लिहून झालं.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये पेटी-तबल्यावर भजन सुरू झालं तसा मला कोपराने ढोसतो. हे तर रस्त्यावर ऐकलं तसंच! मग कवी ना. वा. टिळकांचं सांगितलं, की हा माणूस तुकाराम वाचत वाचतच ख्रिस्ताजवळ आला, १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढेही अभंग लिहीत राहिला. त्याने लगेच वही काढली. वहीचा नाद फार आहे त्याला.

आता तुझ्याबद्दल. पिंट्या, तू स्वभावाने याच्याहून उतावळा. पोचल्या दिवशी तरुण संघ काढशील, दुसऱ्या दिवशी शिबिर भरवशील. नको करूस. तिथे तुझ्या आधीपासून मंडळी आहे, पाळक आहेत, गायनाचा वर्ग तर आपल्याहून चांगला असेल. पहिले काही महिने लोकांनी वाढलेलं खा, रस्ता चुकलास की विचार, पोरं हसली तर हसू दे. याला तेच सगळ्यात जड जातंय, हे मी रोज बघतोय. दुसऱ्याच्या घरी हक्काने दुसरी पोळी मागायला त्याला किती दिवस लागले! आणि असं बघ, महाराष्ट्रातून तिकडे जाणारा तू काही पहिला नाहीस. अरबी गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं नाशिकच्या शरणपूरला मिशनने वाढवली, शिकवली. त्यांतला जेकब वेनराइट १८७४ साली आफ्रिकेत वारलेल्या मिशनरी लिव्हिंग्स्टनच्या शवाबरोबर थेट लंडनपर्यंत गेला. विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर यांच्यासारखे मोंबासाकडे कामाला गेले. मोंबासाजवळ १८७५ च्या सुमारास मुक्त गुलामांची वस्ती वसली, तिला नाव पडलं फ्रेअर टाउन, मुंबईचे गव्हर्नर होते त्या बार्टल फ्रेअरचं. वेळ काढून तिथे जाऊन ये आणि मला सविस्तर लिही. ‘छान आहे’ एवढंच लिहिलंस तर उत्तर देणार नाही.

बाकी सटरफटर. मोंबासा दमट, घाम गाळणारं. पण आधी भाषेच्या वर्गासाठी नैरोबीत राहणार आहेस ना? ते सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे आणि जुलै-ऑगस्टमध्ये तिथे चांगली थंडी असते. स्वेटर घे. आफ्रिका म्हणजे ऊन, असं समजून नुसते हाफ शर्ट भरू नकोस. पिवळ्या तापाची लस जायच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, तीही मान्यताप्राप्त केंद्रातच. या पोराचं लस घेतल्याचं पिवळं कार्ड मुंबईच्या विमानतळावर पाहिलं होतं, तुझंही परत येताना पाहतील, तेव्हा ते पासपोर्टातच ठेव.

लसीसाठी पुण्याला येणारच असशील तर शनिवार धरून ये, मुक्काम आमच्याकडे. माडीवर दुसरी गादी टाकता येईल. त्याचे प्रश्न तुझ्यासाठी आणि तुझे त्याच्यासाठी, मला मध्ये दुभाषा करू नका. नगरहून येताना आईसाठी ज्वारी आण, इकडची तिला पसंत नाही.

काकांना सलाम.

तुझा,
बाब्या