बसू, गड्ड्याला येतोयस तर

सोलापूर,
१८ डिसेंबर २०२५

प्रिय बसू,

तुझ्या पोराचा फोन आला होता. "काका, शाळेत 'माझ्या गावातले उद्योग' असा प्रोजेक्ट दिलाय, सोलापूरच्या गिरण्यांवर दहा ओळी पाठवा." दहा ओळी! म्हणलं, तुझ्या बापाला सविस्तर लिहितो, त्यातनं तुला हवं ते तू उचल. मोबाइलवर एवढं टाइप करायला माझा अंगठा चालत नाही, म्हणून कागद घेतला. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेला, म्हणजे आपल्या गड्ड्याला, सगळे येणार म्हणतोयस, तर कसं यायचं, काय दाखवायचं तेही यातच लिहितो.

आधी गाडीचं. वंदे भारतचा मोह तुला होणार, पोरं तर हट्टच धरतील. पण पुण्याहून येताना हुतात्मा एक्स्प्रेसनंच ये. संध्याकाळी बसायचं, रात्री जेवायला घरी. पोरांना गाडीचं नाव वाचून दाखव आणि कोण हुतात्मे ते विचार. आपल्या डब्यात बसणाऱ्या निम्म्या लोकांना सांगता येणार नाही, पैज लाव. हल्ली आपल्याकडं विमानही आहे, गोव्याला जूनपासून आणि मुंबईला ऑक्टोबरपासून. त्या विमानासाठी सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी १५ जून २०२३ ला पाडली. सगळं गाव मोबाइल वर धरून उभं होतं. मला त्या दिवशी वाटलं, आपल्या गावाचा चिमण्यांशी संबंधच असा आहे, एक तर धूर बंद होतो नाही तर चिमणीच जाते. असो.

पोरासाठी सुरुवात रेल्वेपासून करतो, कारण गिरणीच्या आधी रेल्वे आली. जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची) लोखंडी वाट १८६० मध्ये सोलापूरपर्यंत पोचली आणि १८७१ मध्ये रायचूरला मद्रास रेल्वेला जाऊन भिडली. म्हणजे मुंबई-मद्रास रस्त्यावर आपण मधोमध, आजूबाजूला कापसाचा मुलूख, आणि विणकरांची हातमागाची वस्ती इथं आधीच. तेवढ्यात १८७६-७८ चा दुष्काळ पडला. खेड्यातली माणसं पोट घेऊन शहराकडं निघाली. १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदासांनी सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग मिल काढली तेव्हा कामगार शोधत फिरायची वेळ त्यांच्यावर आलीच नसणार. हीच आपली जुनी मिल. मुरारजी पेठ त्यांच्याच नावाची. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जामनगरच्या जामसाहेबांच्या नावाची जाम मिल. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकातून तुझे, गावोगावचे मराठे, दलित, मुसलमान. तुझ्या पोराला विचार, पुण्यात त्याच्या वर्गात किती जणांना तीन भाषांत शिव्या देता येतात? आपल्याला पाचवीत येत होत्या.

एक गोष्ट मात्र त्यानं जरूर लिहावी, कारण शिक्षकांनाही ठाऊक नसेल. जुनी मिल ऑगस्ट १९४९ मध्ये व्यवस्थापनानं बंद केली. हजारो लोक रस्त्यावर आले. जानेवारी १९५० मध्ये, राज्यघटना लागू व्हायला काही दिवस उरले असताना, केंद्र सरकारनं वटहुकूम काढून मिलचा कारभार ताब्यात घेतला. त्यावर भागधारक थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. चिरंजितलाल चौधरी खटल्याचा निकाल १९५० च्या डिसेंबरमध्ये सरकारच्या बाजूनं लागला. पण १९५३ मध्ये द्वारकादास श्रीनिवास खटल्यात न्यायालयानं उलट सांगितलं की, हा मालमत्ता काढून घेण्याचाच प्रकार आहे, भरपाई दिल्याशिवाय चालणार नाही. असे निकाल अडचणीचे ठरले म्हणून १९५५ मध्ये चौथी घटनादुरुस्ती झाली. आपल्या मुरारजी पेठेतल्या मिलचं नाव देशातल्या प्रत्येक वकिलाला अभ्यासावं लागतं, आणि आपण तिथं फक्त प्रदर्शन आणि आकाशपाळणे बघितले.

आता मूळ मुद्दा. मागं तू फोनवर चिडून म्हणाला होतास, "एवढं साडेनऊ लाखांचं शहर आणि साधी सिटी बस नाही बे तुमच्यात?" तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. सात रस्त्याच्या डेपोतून मोजक्याच बस सुटतात, इलेक्ट्रिक बस येणार असं बऱ्याच दिवसांपासून ऐकतोय. कारभाराला सगळेच नावं ठेवतात, ठेवावीतच. पण मला वाटतं, खरं कारण आणखी खाली आहे. बस भरते कधी? पुष्कळ माणसांना एकाच वेळी एकाच ठिकाणी जायचं असतं तेव्हा. आपल्याकडं ते ठरवायचा भोंगा. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की तुझे अप्पा सायझिंगला, म्हणजे सुताला खळ लावायला, आणि माझे नाना साच्यावर, म्हणजे मागावर. पाळी सुटली की सायकलींचा लोंढा असा यायचा की रस्ता ओलांडायला आपल्याला उभं राहावं लागायचं. चाळी गिरणीला चिकटून, म्हणून पायी गेलं तरी चालायचं. बाजार, खानावळी, शाळेची वेळ, तालीम, भजन, सगळं पाळीवर बेतलेलं.

नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू बंद पडली. नरसिंग गिरजी सरकारी महामंडळाकडं जाऊनही टिकली नाही. काम मात्र गावातून गेलं नाही, हे बाहेरच्यांना कळत नाही. ते फुटलं आणि गल्लीबोळात शिरलं. पूर्व भागात, अशोक चौक, दत्त नगर, साखर पेठ, जिकडं बघशील तिकडं यंत्रमागाचे कारखाने. कुठं चार माग, कुठं चोवीस. दारात मालकाची गाडी, वर मालकाचं घर. कामगार शेजारच्याच गल्लीतून येणार आणि पगार तयार मालावर. अशा कामाला बस कुठून कुठं न्यायची? त्यातून अक्कलकोट रोड, होटगी रोड, चिंचोळी, एमआयडीसी तीन दिशांना. दिवसभर थोडी थोडी माणसं इकडून तिकडं जात असतात, आणि थोड्या थोड्या माणसांसाठी रिक्षा असते. तिघांच्या जागी सहा बसवणारी, कन्ना चौकात मान बाहेर काढून ओरडणारी.

आणि बायकांचं काम तर घरातच. आमची आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची ते तुला आठवत असेल. तंबाखूच्या वासानं तू शिंकायचास. सकाळी विड्या घेऊन कारखान्यात जायचं, खराब विड्यांची छाट काढून घ्यायची, पानं आणि तंबाखू घेऊन परत. गिरण्या बंद झाल्यावर आपल्या भागातली कितीतरी घरं या सुपावर चालली. नाना दोन वर्षं हिशेबाच्या पैशाची वाट बघत कट्ट्यावर बसले होते, तेव्हा माझी बारावीची फी विड्यांतून गेली. हे तुझ्या पोरानं लिहिलं तरी चालेल, मला लाज नाही.

याच विडी कामगार बायकांनी लढून घरं मिळवली. कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांनी कुंभारीला आधी गोदूताई परुळेकर वसाहत उभी केली, दहा हजार घरांची. मग रे नगर. १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते पंधरा हजार घरांचं वाटप झालं, तेव्हा तू टीव्हीवर बघितलंच असशील. देशात कामगारांनी एवढं करून दाखवल्याची उदाहरणं थोडीच, मला त्याचा अभिमान आहे. पण बघ हं, गिरणीनं घर कामाजवळ आणलं होतं, आता हक्काचं घर मिळालं ते कामापासून लांब. कुंभारी अक्कलकोट रस्त्यावर, शहराच्या बाहेर. विड्या टाकायला, दवाखान्याला, पोरीच्या कॉलेजला गावात यायचं तर शेअर रिक्षा. खरी बस लागते ती या बायकांना, आणि रोज लागते. कुणी मला परिवहनचा सभापती केलं (करत नाहीत) तर पहिली बस मी कुंभारीची काढीन.

पोराला दाखवायच्या जागांत सेटलमेंट घाल. इंग्रजांनी ज्यांना 'गुन्हेगार जमाती' ठरवलं, त्या लोकांना तारेच्या कुंपणात आणून ठेवलं, हजेरी लावली आणि गिरण्यांत कामाला जुंपलं. १९५२ मध्ये 'गुन्हेगार जमातीं'चा कायदा गेला आणि तार निघाली. गिरणीच्या आठवणी काढताना आपण भोंगा, गणपती, कबड्डी एवढंच काढतो. त्याच गिरणीत हजेरीच्या तारेतून आलेली माणसंही उभी होती, हे आपल्या शाळेनं आपल्याला कधी सांगितलं नाही. अप्पांना माहीत होतं. ते तिथल्या पैलवानांची नावं आदरानं घ्यायचे.

मार्शल लॉचं, म्हणजे १९३० च्या लष्करी अंमलाचं, त्याला तू सांग, तू माझ्यापेक्षा रंगवून सांगतोस. फक्त तारखा चुकवू नको. गांधीजींना ५ मे १९३० ला पकडलं, गिरण्यांतले कामगार बाहेर पडले, ८ मे रोजी गोळीबार झाला. त्यानंतरचे तीन-चार दिवस गावात इंग्रजांचा अंमल उरला नाही, लोकांनीच कारभार बघितला. १२ मे ला मार्शल लॉ लागला. मंगळवार पेठेतल्या पोलीस चौकीच्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्यात १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी दिली. गाडीच्या नावातले हुतात्मे हेच. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मारवाडी, एक मराठा. आपल्या गावाची शिरगणतीच फासावर गेली म्हण ना. म्हणून सांगतो, १३ ला निघू नको, ११ लाच ये. १२ ला सकाळी या चौघांच्या पुतळ्यांना, आपल्या 'चार पुतळ्या'ला जाऊ. मग भोगीला नंदीध्वजांबरोबर ६८ लिंगांची प्रदक्षिणा, संक्रांतीला संमती कट्ट्यावर सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता. नंदीध्वजांच्या सातही काठ्या एका रांगेत येताना पोरांनी कधी बघितलेल्या नाहीत. यात्रेत घालायची बाराबंदी (पांढरा अंगरखा) माझ्याकडं आहे, तुझ्या पोटावर बसेल याची खात्री नाही.

वहिनींना चादर घ्यायची असेल तर होम मैदानाच्या स्टॉलवर घेऊ नका. 'सोलापुरी' म्हणून पानिपतचा माल सर्रास खपवतात. भौगोलिक मानांकन आहे आपल्या चादरीला आणि टॉवेललाही, पण लेबल कुणीही छापतं. मी कारखान्यात घेऊन जातो. जॅकार्डचा माग चालू असताना पोराला उभं करू, वरून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ फिरते आणि खाली मोर उमटतो, ते त्यानं मोबाइलवर घ्यावं, प्रोजेक्टला चालेल. खरं सांगायचं तर चादरीचे कारखाने कमी झालेत. लोकांना हलकं, मऊ, गुबगुबीत ब्लँकेट पाहिजे. बहुतेकांनी माग टॉवेलकडं वळवले. आमचा थोरला मेहुणाही टॉवेलवरच आहे आणि बरं चाललंय त्याचं, म्हणजे सगळं संपलं असं रडगाणं मी गाणार नाही.

तुम्ही स्वतःची गाडी काढणार असाल तर एवढंच ऐक, रात्री चालवू नको. उसाचा हंगाम आहे. दोन दोन ट्रॉल्या मागं लावलेले ट्रॅक्टर हायवेवर दिव्याशिवाय चालतात. आणि परत जाताना पंढरपूर करायचं असेल तर कुर्डुवाडीवरून जा. तिथं पोराला बार्शी लाइटची गोष्ट सांगता येईल. कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं १८९७ मध्ये अडीच फुटी रुळांवर ती चालू केली, पुढं एका टोकाला लातूर आणि दुसऱ्या टोकाला पंढरपूर, मिरजेपर्यंत नेली. वारीत लोक टपावर बसून जायचे. आता सगळीकडं ब्रॉडगेज झालंय. तुझी आजी त्या गाडीला 'ती आपल्यासाठी थांबती' म्हणायची, आणि खरंच थांबायची.

उतरायचं आमच्याकडंच. गड्ड्याच्या आठवड्यात लॉज मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. फक्त नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, हे पोरांना आधीच सांगून ठेव, नाहीतर पहिल्याच दिवशी शॉवर शोधतील. आईनं शेंगा कुटायला घेतल्यात. कडक भाकरी, चटणी आणि शेंगाची पोळी तयार असेल. पार्क चौकात डिस्को भजी मात्र तुझ्या पैशानं.

तिकीट काढलंस की कळव. मी स्टेशनवर येतो, रिक्षावाल्याशी भाव करायला तू आता पुणेकर झालास, तुला जमायचं नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
श्रीनू