आप्पांच्या पायाची जखम आणि अंगातलं औषध

ती. आई-आप्पांना शिरसाष्टांग नमस्कार.

आप्पांच्या घोट्याखाली विळा लागल्याचं आईनं फोनवर सांगितलं. तिनं जखमेत हळद दाबली, शेजारच्या काकांनी तंबाखूची भुकटी लावायला सांगितली आणि दादानं मेडिकलमधून फेस येणारं औषध आणून ठेवलं, हेही कळलं. मला जे सांगायचं आहे ते फोनवर घाईघाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. आप्पा, चष्मा लावून सावकाश वाचा, आणि आईलाही वाचून दाखवा.

मी प्रयोगशाळेत काय करते असं तुम्ही मला कितीदा विचारलंत, आणि मी दर वेळी "जंतूंवर काम करते" एवढंच म्हणत आले. खरं तर माझं काम जंतूंना मारणाऱ्या औषधांवर आहे, पण ही औषधं दुकानातली नव्हेत, आपल्याच अंगात तयार होणारी आहेत. आपली कातडी, तोंडातली लाळ, घाम, डोळ्यांतलं पाणी, आतड्याचं अस्तर, रक्तातल्या पांढऱ्या पेशी, सगळीकडे प्रथिनांचे लहान लहान तुकडे तयार असतात. त्यांना पेप्टाइड म्हणतात. जंतू आत शिरला की ओळख पटायची, त्याच्याविरुद्ध खास प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनायची, यात बरेच दिवस जातात. तोवर दार राखायचं काम जन्मतः मिळालेल्या प्रतिकारशक्तीचं असतं, आणि ही पेप्टाइडं तिच्या अगदी पुढच्या रांगेत असतात.

त्यांची मारायची रीत मला अजूनही थक्क करते. यातल्या बहुतेकांवर धन विद्युतभार असतो आणि जिवाणूच्या बाहेरच्या पापुद्र्यावर ऋण. त्यामुळे ती जिवाणूकडे आपसूक ओढली जातात, पापुद्र्यात घुसतात आणि त्याला भोकं पाडतात. बांधाला भगदाड पडून वाफ्यातलं पाणी वाहून जावं तसं जिवाणूच्या आतलं सगळं बाहेर वाहून जातं. आपल्या स्वतःच्या पेशींचा बाहेरचा थर जवळजवळ भाररहित असतो आणि त्यात कोलेस्टेरॉलही असतं, म्हणून त्या बऱ्याच अंशी वाचतात.

आप्पा, तुम्हाला आवडेल अशी एक हकीकत सांगते. मायकेल झास्लॉफ नावाचे अमेरिकन डॉक्टर आफ्रिकेतल्या एका बेडकाच्या अंड्यांवर काम करत होते. अंडी काढण्यासाठी बेडकीचं पोट चिरायचं, टाके घालायचे आणि तिला परत टाकीतल्या पाण्यात सोडायचं. ते पाणी जंतूंनी भरलेलं असूनही जखमा न चिघळता भरून यायच्या. असं का होतं हा प्रश्न त्यांना सोडेना. शेवटी त्या बेडकाच्या कातडीतूनच त्यांनी जंतुनाशक पेप्टाइडं वेगळी केली आणि 1987 साली ती जगापुढे मांडली. आपल्या शिवारात पावसाळाभर बेडूक चिखलात राहतात, ते का सडत नाहीत याचं उत्तर त्या दिशेला आहे. त्याआधी 1981 मध्ये स्वीडनच्या हान्स बोमन यांनी एका पतंगाच्या कोशातून अशीच पेप्टाइडं शोधली होती, आणि 1985 मध्ये लॉस एंजेलिसला माणसाच्या पांढऱ्या पेशींत डिफेन्सिन नावाची पेप्टाइडं सापडली. मावशीच्या सोरायसिसचा, म्हणजे कातडीवर खपल्यांचे चट्टे उठणाऱ्या तिच्या आजाराचाही इथे संबंध येतो. 1997 साली जर्मनीत कील शहरातल्या शास्त्रज्ञांनी सोरायसिसच्या खपल्यांतूनच आणखी एक डिफेन्सिन वेगळं केलं. त्या कातडीत ही पेप्टाइडं इतकी भरपूर असतात की चट्टे एवढे असूनही त्यांत जंतुसंसर्ग क्वचित होतो. पण जास्त म्हणजे चांगलं असंही नाही. तीच पेप्टाइडं प्रमाणाबाहेर गेली की दाह पेटता ठेवतात.

आता आप्पांच्या पायाकडे येते. माणसाच्या अंगात एलएल-37 नावाचं एक पेप्टाइड आहे, 37 अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनांच्या लहान घटकांची, साखळी. कातडी कापली गेली की ते जखमेच्या कडेला वाढतं. ते जंतू मारतं, पण तेवढ्यावर थांबत नाही. पांढऱ्या पेशींना जखमेकडे बोलावतं, नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतं, आणि कडेच्या कातडीच्या पेशींना पुढे सरकायला लावतं, म्हणजे जखम झाकली जाते. स्टॉकहोममधल्या संशोधकांनी 2003 साली हे माणसाच्या कातडीवर तपासलं. ताज्या जखमेत दोन दिवसांनी हे पेप्टाइड सगळ्यात जास्त होतं आणि जखम मिटल्यावर पुन्हा कमी झालं. पण महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमांच्या कडेच्या कातडीत ते सापडलंच नाही. प्रयोगशाळेत त्या पेप्टाइडला अडवलं तर कातडी जखमेवर सरकेना. मी हे वाचलं तेव्हा मला शेजारच्या आजोबांचा वर्षभर वाहणारा पाय आठवला.

तुमची जखम तशी रेंगाळू नये म्हणून माझी पहिली विनंती तुमच्या मधुमेहाबद्दल, रक्तातल्या साखरेबद्दल आहे. आप्पा, साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशी जखमेपाशी उशिरा पोचतात आणि पोचल्या तरी नीट काम करत नाहीत, पायातलं रक्त कमी पडतं, आणि नसा बधिर झाल्यामुळे दुखत नाही. "दुखत नाही म्हणजे बरं आहे" हे तुमचं वाक्य म्हणूनच मला सगळ्यात जास्त घाबरवतं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी या आठवड्यात करून घ्या. गोळ्या चुकवू नका. सणाला कुंद्याची मिठाई घरात येणारच, तो तुमच्यापुढे आला तर हात आवरा, एवढंच मागते.

दुसरी विनंती आईला. आई, हळदीला मी नावं ठेवत नाही. पण डब्यातली हळद जंतुमुक्त नसते, दळताना-साठवताना तिच्यात धूळमाती मिसळते, आणि उघड्या जखमेत ती दाबली की आतली घाण दिसेनाशी होते. तंबाखू तर अजिबात नको. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि या पायाला आत्ता रक्ताचीच गरज आहे. फेस येणाऱ्या औषधानं जंतू मरतात तशा जखम भरणाऱ्या कोवळ्या पेशीही मरतात, म्हणून तेही रोज ओतू नका. उकळून गार केलेल्या पाण्यानं किंवा सलाइननं धू, स्वच्छ गॉझ लाव आणि जखम झाकून ठेव. "वारा लागू दे, खपली धरू दे" असं तू आम्हाला लहानपणी सांगायचीस, तेव्हा सगळेच सांगत. पण 1962 साली लंडनच्या जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर केलेल्या प्रयोगात झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर कातडी उघड्या जखमांच्या सुमारे दुप्पट वेगानं धरली. ओलसर म्हणजे चिखलात नव्हे बरं! स्वच्छ पट्टीखालची ओल.

नातवाचं बोट कापलं की तो ते तोंडात घालतो, त्यावरून तू त्याला ओरडतेस. लाळेत हिस्टाटिन नावाची पेप्टाइडं असतात, बुरशीला मारणारी आणि जखम मिटायला मदत करणारी. तोंडातली जखम कातडीपेक्षा लवकर भरते त्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक आहे. तरी आप्पांच्या पायाला लाळ लावू नका. तोंडात जंतूही तेवढेच असतात.

आणि शिवार. आपल्या बेळगावच्या बळ्ळारी नाल्याला पाणी आलं की शहराचं सांडपाणी वाफ्यांत शिरतं हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. त्यात उंदरांच्या मुतातून येणारे लेप्टो तापाचे जंतू असतात. पावसाळी भातशेतीच्या चिखलात मेलिओइडोसिस या मातीतून होणाऱ्या गंभीर आजाराचे जिवाणूही असू शकतात, ते कर्नाटकच्या किनारपट्टीवर आढळले आहेत आणि मधुमेह असलेल्यांना जास्त गाठतात. एवढ्या माऱ्यापुढे अंगातली पेप्टाइडं एकटी पुरी पडत नाहीत. रोप लावणीचे दिवस आहेत, माणसं मिळत नाहीत, बासमतीची रोपं थांबत नाहीत, हे सगळं मला कळतं. तरीही जखम मिटेपर्यंत आप्पांनी चिखलात उतरू नये. मजुरीचे पैसे मी पाठवते. यावर वाद नको.

आई, तुझ्यासाठीही एक गोष्ट. एलएल-37 तयार व्हायला ड जीवनसत्त्व लागतं. 2006 साली लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी दाखवलं की ते पुरेसं असेल तर पांढऱ्या पेशी हे पेप्टाइड बनवून क्षयाच्या जंतूला मारू शकतात. तू दिवसभर घरात असतेस, तुझे गुडघेही धरतात. एकदा रक्तातलं ड तपासून घे. मात्र मेडिकलमधली पुडी मनानं दर आठवड्याला घेऊ नको, ते जीवनसत्त्व जास्त झालं तर मूत्रपिंडांना त्रास देतं.

या पेप्टाइडांचं मलम का नाही मिळत, असं दादा विचारेल. बेडकाच्या त्या पेप्टाइडावरून खास मधुमेही पायाच्या जखमांसाठी मलम बनवलं होतं, पण 1999 साली अमेरिकेत त्याला परवानगी नाकारली गेली, कारण वापरात असलेल्या उपचारापेक्षा ते सरस ठरलं नाही. अंगात ही पेप्टाइडं लवकर तुटतात, बनवायला महाग पडतात, आणि जास्त झाली तर आपल्याच पेशींना इजा करतात. आमच्यासारखे लोक अजून त्यावर झटत आहेत. माझा यावर मनापासून विश्वास आहे, कारण नेहमीच्या अँटिबायोटिकना जंतू दाद देईनासे होत चालले आहेत. म्हणूनच डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय अँटिबायोटिक घेऊ नका, आणि लिहून दिलं तर मधेच सोडू नका.

उद्या सकाळी दादाबरोबर डॉक्टरांकडे जा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते त्यांना सांगा, आठवत नसेल तर तसंही सांगा. जखमेभोवती लाली पसरली, वास आला, काळं पडलं किंवा थंडी वाजून ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच वेळी सिव्हिलला न्या, रात्र असली तरी. दादाला रोज पट्टी बदलताना पायाचा फोटो पाठवायला सांगा, दिवसाउजेडी काढलेला, टाच आणि तळवाही दिसेल असा.

तुमची लेक